फोनवर वाजतं ते काय?

माझा फोन वाजला की कुणीतरी विचारतंच, "हे काय, वरात आली का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ती चार हॉर्नची (पितळी वाद्यांची) ललकारी आहे, पोलिश संगीतकार कार्वोविचच्या व्हायोलिन कन्चेर्टोची, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची, सुरुवात. पुढचा प्रश्नही ठरलेला: "पोलंडचा संगीतकार म्हणजे शोपँच ना?"

नाही हो. म्येचिस्वाव कार्वोविच. (नावात 'एल' दिसतो, पण त्याच्या पोटातून आडवी रेघ गेलेली असते, म्हणून उच्चार 'व'. मी कितीतरी दिवस बिनदिक्कत कार्लोविच म्हणत होतो.) शोपँशी संबंध एवढाच, की त्याची अप्रकाशित पत्रं शोधून यानं १९०४ मध्ये छापली.

जन्म १८७६ चा, आजच्या बेलारूसमधल्या एका गावचा. वडील लोकसाहित्याचे आणि भाषेचे मोठे अभ्यासक. लहानपणी कानावर पडलेली तिथली गाणी पुढे 'लिथुआनियन रॅप्सडी'त उतरली. शिक्षण बर्लिनला. कन्चेर्टोचा पहिला प्रयोगही तिथलाच, १९०३ चा. बाकी काम थोडं: वीस-बावीस गाणी, एक सिम्फनी, सहा सिम्फनिक पोएम (एखादी गोष्ट किंवा कल्पना वाद्यवृंदातून मांडणाऱ्या रचना), त्यातलंही शेवटचं अर्धवट. ते फितेलबर्ग या दुसऱ्या संगीतकारानं पुरं केलं.

थोडं, कारण आयुष्यच ३२ वर्षांचं. ८ फेब्रुवारी १९०९ ला पोलंडच्या तात्रा पर्वतात, मावी कोश्चेलेत्स शिखराच्या उतारावर, स्की करत एकटाच निघालेला असताना हिमलोट आला. कॅमेरा सोबत होता. फोटोग्राफीचंही वेड होतं त्याला. डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारं पथक हवं, असा आग्रह धरणाऱ्यांत तो स्वतः होता. ते पथक त्याच वर्षी उभं राहिलं, तो गेल्यावर. तो गेला त्या जागी एक दगड आहे, त्यावर चक्क स्वस्तिक कोरलंय. आपल्याला दचकायला होतं, पण नाझींच्या आधीची गोष्ट आहे ही. तात्रातले सुतार घराच्या तुळयांवरही ते कोरत.

हे सांगितलं की लोक म्हणतात, "त्याला आधीच चाहूल लागली असणार, संगीत किती उदास आहे!" मला हे अजिबात पटत नाही. उदास आहे, मान्य. पण १९०६ च्या 'सनातन गीतं' या सिम्फनिक पोएममध्ये शेवटचा भाग अख्ख्या अस्तित्वाचा आहे, आणि तिथं ब्रास (पितळी वाद्यांचा ताफा) असा काही उसळतो की उदासी कुठल्या कुठे. त्यानंच लिहून ठेवलंय, उंच शिखरावर एकटा असताना आपण वेगळे कुणी उरतच नाही, आसपासच्या अवकाशात विरघळतो. डोंगरात रमलेल्या माणसाचं लिहिणं आहे ते. मरणाची चाहूल त्यात मला तरी ऐकू येत नाही.

कुठून सुरुवात करू, म्हणाल तर कन्चेर्टोपासूनच. अर्ध्या तासाचा आहे. रिंगटोनची अडचण अशी, की हॉर्न संपून व्हायोलिन आत शिरतं, त्याच्या आतच मी फोन उचललेला असतो. पुढच्या वेळी जरा उशिरा उचलतो. वाजू द्या.