फोन खिशात ठेवा आणि वर बघा: आमची वाटचाल

बडोदं पायी फिरणाऱ्याच्या कानात त्या त्या जागेची गोष्ट सांगणारं ॲप आम्ही चालवतो, त्याची ही गोष्ट. 2018 च्या फेब्रुवारीत बडोद्यात 91 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सोलापूरचे चार पाहुणे उतरले होते. दोन दिवस मांडवात बसून भाषणं ऐकली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांच्यातल्या काकू म्हणाल्या, "सयाजीरावांचं गाव जरा पायी दाखवा की." बाबांनी चपला घातल्या, मी मागोमाग निघाले. तांबेकर वाडा, सूरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी. बाबा न्यायमंदिरात, म्हणजे इथल्या जुन्या कोर्टात, एकतीस वर्षं कारकून होते. त्या रस्त्यावरचा कुठला कोनाडा कधी बुजवला, कुठल्या ओट्यावर कोण बसायचं, हे सगळं ते चालता चालता सांगत होते आणि काकू फोनवर रेकॉर्ड करत होत्या.

पुढे मे महिन्यात काकूंची मुलगी कामानिमित्त बडोद्यात आली. आईकडचं ते रेकॉर्डिंग कानाला लावून ती एकटीच फिरायला निघाली आणि अर्ध्या तासाने तिचा मला फोन आला. "काका म्हणताहेत, इथे उजवीकडे वर बघा. पण इथे म्हणजे नेमकं कुठे? मी कुठे उभी राहू?"

आमचा धंदा सुरू झाला तो त्या प्रश्नापासून. मी तेव्हा एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. आवाज आणि जागा यांची गाठ कशी घालायची, हे माझ्या डोक्यातून जाईना. 2019 मध्ये नोकरी सोडली. कॉलेजातली माझी मैत्रीण कोडिंग करते; ती गुजराती, पण रावपुऱ्यात वाढल्यामुळे मराठी अस्खलित. ती आली, बाबा होतेच. तिघांची कंपनी झाली.

पहिलं ॲप आम्ही बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतलं. पैसे आगाऊ दिले होते. हातात आलं ते असं, की इंटरनेट सतत चालू हवं आणि स्क्रीनही चालू हवी. दांडिया बाजारातून निघालेल्या माणसाच्या फोनची बॅटरी मांडवीपर्यंत माना टाकायची. भर उन्हात स्क्रीनवरचा नकाशा दिसायचा नाही, आणि तो बघायच्या नादात लोक खाली मान घालून चालायचे. न्यायमंदिरासमोर उभी असलेली दोन मुलं मी स्वतः पाहिली. इमारतीकडे त्यांची पाठ होती आणि डोळे निळ्या ठिपक्यावर. त्या रात्री मला झोप आली नाही. गाव दाखवायला निघालो आणि गावाकडेच पाठ!

मग मैत्रिणीने सगळं नव्याने लिहायला घेतलं. नकाशा आणि आवाज घरच्या वायफायवरच डाउनलोड करून घ्यायचे, वाटेत इंटरनेट लागता कामा नये. बोलण्याला उच्च दर्जाचं स्टिरिओ लागत नाही. 64 केबीपीएस मोनोमध्ये, म्हणजे एकेरी, हलक्या रेकॉर्डिंगमध्ये, मिनिटाला साधारण अर्धा एमबी होतो, म्हणजे पन्नास मिनिटांची पूर्ण वाट 24 एमबीत बसली. हे सोपं निघालं.

अवघड निघालं ते जीपीएस. आमचा विचार असा होता, की प्रत्येक जागेभोवती एक अदृश्य वर्तुळ आखायचं आणि माणूस त्यात शिरला की आवाज आपोआप सुरू व्हायचा. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन आपली जागा पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो. जुन्या गावात आकाश मोकळं कुठे असतं? गल्ली दोन हात रुंद, दोन्हीकडे तीन-तीन मजले. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं आपण पलीकडच्या पोळात, म्हणजे शेजारच्या गल्लीत, आहोत. वर्तुळ लहान ठेवलं तर आवाज सुरूच व्हायचा नाही. मोठं केलं तर लहेरीपुरा दरवाज्यात उभ्या माणसाला न्यायमंदिराची गोष्ट ऐकू यायची, कारण दोन्ही एकमेकांना खेटून आहेत. त्यातून कित्येक फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारं ॲप स्वतःहून बंद करून टाकतात. फोन खिशात गेला की आमचे बाबा मुके!

चार महिने आम्ही वर्तुळं लहान-मोठी करत होतो. मी रोज सकाळी सहाला दोन फोन दोन खिशांत घालून त्याच दोन किलोमीटरवर चालायचे. एक दिवस बाबा म्हणाले, "अगं, पत्ता सांगताना आपण काय म्हणतो? पिंपळाचा पार दिसला की थांबा. तेच सांग ना." आम्ही ती सगळी वर्तुळं काढून टाकली. आता प्रत्येक टप्प्याच्या शेवटी बाबा पुढची खूण सांगतात: "समोर तीन कमानी दिसल्या की थांबा, आणि बटण दाबा." स्क्रीनभर एकच मोठं बटण आहे, 'पोहोचलो'. चष्मा नसला तरी दाबता येतं. नकाशा कोपऱ्यात आहे, वाट चुकलेल्यांसाठी.

रेकॉर्डिंग घरीच केलं. टाळेबंदीचे दिवस होते, गल्लीत कधी नव्हे ती शांतता होती. माळ्यावरच्या खोलीत लोखंडी कपाट उघडून त्याच्या दारांवर आजीच्या दोन गोधड्या टाकल्या आणि बाबांना त्या आडोशात बसवलं. पहिले आठ दिवस वाया गेले. बाबा कागद हातात घेऊन वाचायचे आणि आवाज कोर्टातला निकाल वाचल्यासारखा यायचा. शेवटी मी कागद काढून घेतला, समोर स्टुलावर बसले आणि म्हटलं, "बाबा, मी सोलापूरच्या काकू आहे. मला सांगा." मग ते सांगू लागले. मध्ये त्यांचा चहाचा कप बशीवर टेकल्याचा आवाज आलाय. तो तसाच ठेवला.

रस्ता ओलांडायच्या जागा आम्ही मोजून ठेवल्या आहेत. तिथे बाबा म्हणतात, "आता मी बोलत नाही, गाड्यांकडे लक्ष द्या." इअरफोन एकाच कानात घाला, हे सुरुवातीलाच सांगतो. मांडवीत स्कूटर कुठल्या बाजूने येईल याचा नेम नसतो.

एक शांतता मात्र मुद्दाम ठेवली आहे. सूरसागरच्या काठी संगीत विद्यालय आहे. 1886 मध्ये मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेची ती परंपरा. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ बडोद्याच्याच दरबारचे गायक. हे दोन मिनिटांत सांगून बाबा थांबतात आणि पुढचा पाऊण मिनिट काहीच वाजत नाही. खिडक्या उघड्या असल्या तर आतून तबल्याचा ठेका येतो, कुणी एकच तान पुन्हा पुन्हा घोटत असतं. "ॲप अडकलं" म्हणून सुरुवातीला तक्रारी आल्या, तेव्हा आधी एक वाक्य घातलं: "आता मी गप्प बसतो, तुम्ही ऐका."

चूक झाली ती सयाजीरावांच्या राणीच्या, चिमणाबाईंच्या बाबतीत, आणि ती माझी. न्यायमंदिराच्या संहितेत मी लिहून गेले, की ज्यांच्या नावाने ही इमारत आहे त्या चिमणाबाई 1927 मध्ये पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. ॲप सुरू होऊन आठवडा झाला नसेल, रावपुऱ्यातून एका आजोबांचा फोन आला. "बाई, कोणत्या चिमणाबाई? परिषदेच्या त्या दुसऱ्या. ही इमारत पहिलीच्या नावाची. ती तंजावरची पोर, 1885 मध्येच गेली. आमच्या टॉवरचं घड्याळही तिचंच." त्यांचं बरोबर होतं. सयाजीरावांच्या दोन्ही राण्यांचं नाव चिमणाबाईच. न्यायमंदिर आणि रावपुऱ्याचा टॉवर, दोन्ही 1896 चे, दोन्ही अकाली गेलेल्या त्या पहिल्या राणीच्या स्मरणार्थ. मी घरी जाऊन आजोबांच्या पाया पडले. तेव्हापासून नवी वाट तयार झाली, की आधी ती त्या भागातल्या दोन जुन्या माणसांना ऐकवतो आणि त्यांनी मान डोलावली तरच पुढे जातो.

पैशांचं थोडक्यात सांगते. पहिली दोन वर्षं घरातून घातले. पहिला टप्पा फुकट, पुढची वाट विकत, हे गणित कसंबसं जमलं. दिवाळीत आणि गणपतीत माहेरी येणाऱ्या मुली आणि परदेशातून नातवंडांना घेऊन येणारे आजी-आजोबा हे आमचे खरे गिऱ्हाईक. दुसरी वाट कीर्तिमंदिराची, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाची आहे. तिथली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघायला लोक हातात वेळ घेऊन येतात. गुजराती आवृत्ती मैत्रिणीच्या आईच्या आवाजात आहे. ती भाषांतरित नाही. त्यांनी त्यांचं बडोदं सांगितलंय आणि मांडवीचा भाग आमच्यापेक्षा त्यांचा सरस झालाय, हे बाबाही कबूल करतात.

सध्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या टप्प्याचं काम चालू आहे. 1910 मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर वाचनालयं उभी केली. खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्यांमधली जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. त्या काचेवर पहिल्यांदा पाय ठेवताना माझी छाती धडधडली होती, सहावीत होते. ते कसं सांगायचं यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली आहे.

आणि एक फाइल आहे, सात नंबरची. 2018 मध्येच कोर्ट दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं आणि बाबा जिथे एकतीस वर्षं बसले ते न्यायमंदिर रिकामं झालं. आमची वाट ते बाहेरूनच दाखवते. पण बाबांनी आतल्या दालनाचंही रेकॉर्डिंग करून ठेवलंय: मधला चिमणाबाईंचा पुतळा, दुपारी दोनला त्याच्या पायाशी येणारं ऊन, साक्षीदारांचं बाकडं, त्यांचं स्वतःचं टेबल कुठे होतं ते. अकरा मिनिटांचं आहे. ॲपमध्ये ती फाइल प्रत्येकाच्या फोनवर डाउनलोड होते, फक्त तिचं बटण आम्ही बंद ठेवलंय. दार लोकांसाठी उघडलं की त्याच दिवशी ते चालू करू. बाबा दर महिन्याला मैत्रिणीला विचारतात, "सात नंबर नीट आहे ना गं?"