जुना टर्बो सी प्रोग्रॅम आजच्या मशीनवर

बऱ्याच वर्षांनी छंद म्हणून पुन्हा कोड लिहायला बसलं की हात आधी नव्या भाषेकडे जातो. माझ्या मते सुरुवात जुन्याच प्रोग्रॅमपासून करावी, म्हणजे डॉसच्या काळातल्या टर्बो सी या कंपाइलरवर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) लिहिलेल्या. भाषा, एडिटर, लायब्ररी सगळंच नवं असेल तर चूक नेमकी कुठे आहे ते उमगत नाही. जुन्या प्रोग्रॅमचं उत्तर काय यायला हवं हे निदान ठाऊक तरी असतं.

काहीही बदलण्याआधी फोल्डरमध्ये गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सुरू करून मूळ फाइल जशीच्या तशी कमिट करा, म्हणजे त्यात नोंदवून ठेवा. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, म्हणून टर्बो सी डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाका; पण ते जुनं आउटपुट ताडून बघण्यापुरतंच. खरं काम जीसीसी या आजच्या कंपाइलरवर.

पहिल्याच कंपाइलला एररची रांग लागते. सर्वांत वरची एरर काढा आणि पुन्हा कंपाइल करा, खालच्या बऱ्याचशा तिच्याच पोटी आलेल्या असतात. सी++ असेल तर ‘आयओस्ट्रीम डॉट एच’मधलं ‘डॉट एच’ जातं आणि ‘एसटीडी’ नेमस्पेस येते. ‘व्हॉइड मेन’च्या जागी ‘इंट मेन’ लिहा. पडदा पुसणारं ‘सीएलआरएससीआर’ सरळ उडवा, कुणाचं काही बिघडत नाही. टाइप केलेली ओळ वाचणारं ‘गेट्स’ हे फंक्शन २०११च्या सी मानकातून काढून टाकलंय. त्याऐवजी ‘एफगेट्स’ वापरा. मात्र ते ओळीच्या शेवटचं न्यूलाइनही (एंटरचं चिन्ह) स्ट्रिंगमध्ये, म्हणजे वाचलेल्या मजकुरात ठेवतं. नाव बरोबर टाइप करूनही दोन स्ट्रिंग ताडणाऱ्या ‘स्ट्रकम्प’ला ते जुळत नसेल तर आधी तिथे बघा.

आता ‘इंट’, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार. टर्बो सीमध्ये तो २ बाइटचा, म्हणजे कमाल ३२७६७. ८चं फॅक्टोरियल ४०३२०, पण तिथे उत्तर यायचं -२५२१६. आज ‘इंट’ सहसा ४ बाइटचा असतो, त्यामुळे १२पर्यंत गाडी नीट चालते. १३ला बहुधा १९३२०५३५०४ असं साळसूद दिसणारं चुकीचं उत्तर येतं. ऋण आकडा निदान डोळ्यात तरी खुपायचा! ‘लाँग लाँग’ हा मोठा पूर्णांक घेतला तर २०पर्यंत जाता येतं.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती जुनी डेटा फाइल. समजा स्ट्रक्चरमध्ये (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटात) २० अक्षरांचं नाव, मग ‘इंट’ रोल नंबर, मग ‘फ्लोट’ (दशांश संख्या) गुण आहेत आणि ‘एफराइट’ने ते बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये लिहिलेत. टर्बो सीमध्ये डीफॉल्ट सेटिंगला एक रेकॉर्ड २० + २ + ४ = २६ बाइटचा. आज तोच २८ बाइटचा होतो. पहिलं नाव नीट येतं, त्यानंतर सगळी खिचडी. रोल नंबर ‘इंट१६_टी’ (नेमका २ बाइटचा पूर्णांक) केला की प्रश्न सुटेल असं वाटतं. सुटत नाही. ‘फ्लोट’ ४च्या पटीतल्या जागेवर यावा म्हणून कंपाइलर मध्ये २ बाइट रिकामे सोडतो आणि साइज २८च राहतो. रिकामी जागा सोडू नको असं कंपाइलरला सांगणारं ‘प्रॅग्मा पॅक १’ दिल्यावर तो २६ होतो. कोडला हात लावण्याआधी फाइलच्या साइजला २६ने भागून बघा. बाकी शून्य आली तर हा अंदाज बहुधा बरोबर आहे. फाइल उघडताना ‘आरबी’ (बायनरी वाचन) मोड द्या, नाहीतर विंडोजवर मधल्याच एखाद्या बाइटला ती संपली असं समजलं जाईल.

‘तेव्हा चालायचा, आता सेगमेंटेशन फॉल्ट येतो’ (भलत्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद पडतो) अशी तक्रार असेल तर चूक बहुधा तेव्हाही होती. डॉसमध्ये मेमरीला संरक्षण नव्हतं, ॲरेच्या बाहेर लिहिलं तरी कुणी अडवायचं नाही. लिनक्सवर किंवा डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधल्या लिनक्समध्ये) ‘डॅश जी’ हा पर्याय आणि मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल करा. बहुतेक वेळा ओळीच्या नंबरासकट गुन्हेगार सापडतो.

‘ग्राफिक्स डॉट एच’चा, म्हणजे टर्बो सीच्या बीजीआय या चित्रं काढायच्या लायब्ररीचा भाग मात्र ओढूनताणून जगवू नका, एसडीएल या आजच्या ग्राफिक्स लायब्ररीत नव्याने लिहा. बीजीआयमध्ये रेघ मारली की लगेच दिसायची. एसडीएलच्या रेंडररमध्ये ‘प्रेझेंट’ कॉल करेपर्यंत पडद्यावर काहीच येत नाही. जुन्या सवयीने चित्रानंतर लांबलचक ‘डिले’ टाकून बसलात, तर इव्हेंट (कीबोर्ड, माउस, खिडकीच्या सूचना) तपासले न गेल्यामुळे खिडकी गोठलेली दिसेल. त्याऐवजी लूप फिरवत दर फेरीला इव्हेंट वाचा, चित्र काढा, ‘प्रेझेंट’ करा.