‘भाऊ’ म्हणून भागतं, म्हणून नाव राहत नाही

नागपुरात कुणाचंही नाव न घेता वर्षानुवर्षं काम चालतं. बरोबरीचा असला की भाऊ, वयाने मोठा असला की काका, ऑफिसात सर आणि मॅडम, शेजारी वहिनी. गेटवरच्या गार्डपासून अकाउंट्सच्या साहेबांपर्यंत सगळं या चार-सहा शब्दांत निभतं. हे आपुलकीचे शब्द आहेत, ते सोडायचं काही कारण नाही. पण ‘लोकांची नावंच लक्षात राहत नाहीत’ अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा इथे पाहावं. नाव टिकतं ते ऐकल्याने कमी आणि स्वतः आठवून तोंडाने घेतल्याने जास्त. ‘काय भाऊ, कसं काय?’ म्हणताना आठवायची वेळच येत नाही.

उपाय सोपा आहे, भाऊच्या आधी आडनाव लावायचं. राऊतभाऊ. मेश्राम सर. वानखेडेजी. दिवसातून एकदा, नमस्कार करतानाच. यात मान तसाच राहतो, जवळीक तशीच राहते, आणि प्रत्येक वेळी नाव आठवायचा सराव होतो. एवढी एकच सवय लागली तरी सहकाऱ्यांच्या नावांची निम्मी अडचण सुटते असं माझं ठाम मत आहे.

चेहरा आठवतो आणि नाव आठवत नाही, यात बुद्धीचा दोष नसतो. चेहरा समोर हजर असतो, तो पाहिलाय का एवढंच ठरवायचं असतं. नाव मात्र कुठलाही आधार नसताना आतून काढावं लागतं. शिवाय नावाला बिलगलेलं फारसं काही नसतं. 1987 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. काही शब्द असे निवडले होते की ते आडनावही होऊ शकत होते आणि व्यवसायही. आपल्याकडचा सुतार घ्या. ‘हे सुतारकाम करतात’ म्हटलं की रंधा, भुसा, दारं-खिडक्या सगळं डोळ्यांपुढे येतं. ‘हे सुतार साहेब’ म्हटलं की काहीच येत नाही. त्या प्रयोगातही शब्द तोच असूनसुद्धा व्यवसाय जास्त लक्षात राहिला आणि आडनाव निसटलं.

म्हणून पहिल्या भेटीत नावाला काहीतरी चिकटवून घ्यायचं. विदर्भात त्यासाठी एक तयार प्रश्न आहेच: ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न इथे कुणाला खटकत नाही. काटोलकर, उमरेडकर, पौनीकर अशा आडनावांत गाव आधीच बसलेलं असतं. तिथे ‘म्हणजे काटोलचेच का?’ एवढं विचारलं की संत्र्याची बाग, काटोल रोड, कुणीतरी ओळखीचं असं बरंच निघतं, आणि नाव सुटं राहत नाही. बाकीच्यांचं आडनाव, गाव आणि काम हे तिन्ही एकत्र ठेवावं: राऊत, भिवापूरचे, डिस्पॅचला. चेहऱ्यावरून चित्रविचित्र कल्पना रचण्याची पद्धत पुस्तकांत फार सांगतात. बोलता बोलता ती जमवणं अवघड असतं, मला गाव-कामाची जोडी जास्त भरवशाची वाटते.

पुष्कळदा नाव विसरलेलं नसतं, ते कानात शिरलेलंच नसतं. मिहानमधल्या कंपनीत किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात नवीन माणूस रुजू होतो तेव्हा टेबलाभोवती एकेकाने ओळख करून द्यायची असते. आपली पाळी जवळ आली की मन स्वतःच्या वाक्यात गुंतलेलं असतं. त्यामुळे आपल्या लगेच आधी बोललेल्या माणसाचं बोलणं सगळ्यात कमी लक्षात राहतं. 1973 साली हा परिणाम प्रयोगात दाखवला गेला आहे. तोड अशी: स्वतःची दोन वाक्यं बैठकीआधीच लिहून ठेवावी, वहीत टेबलाचा चौकोन काढावा आणि जो जिथे बसलाय तिथे आडनाव टाकत जावं. आपल्या आधीच्या माणसाची जागा रिकामी राहिली तर बैठक संपल्यावर पहिल्यांदा त्याच्याकडेच जावं. ‘माफ करा, नाव नीट ऐकू आलं नाही’ हे पहिल्या दिवशी कुणालाही सहज विचारता येतं. सहा महिन्यांनी तेच विचारणं जड जातं, म्हणून हा प्रश्न उधार ठेवू नये.

आता उजळणी. थॉमस लँडॉवर आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी 1978 मध्ये नावं घेऊनच दाखवून दिलं की आठवण्याच्या वेळा हळूहळू लांबवत नेल्या तर नाव चांगलं टिकतं. व्यवहारात हे असं बसतं: भेटल्यावर मिनिटभरात एकदा, निरोप घेताना एकदा, डबा खाताना, संध्याकाळी घरी निघताना, दुसऱ्या दिवशी सकाळी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी आधी स्वतः आठवायचं, दहा सेकंदांत नाही आलं तरच वही किंवा फोन पाहायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. यादी पुन्हा पुन्हा वाचली की ‘हो, हे येतंय’ असं वाटतं, पण वाचणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गळ्यातल्या आयकार्डाचंही तेच: रोज वाचून नाव घेतलं आणि तोच माणूस बर्डीच्या बाजारात कार्डाशिवाय भेटला की जीभ अडते. आधी चेहरा, मग नाव, मग खात्रीला कार्ड. दिवसाला चार-पाच नवी नावं पुरेत, आठवड्याभरात तीस जणांचा विभाग होतो. गार्ड, चहा देणारे आणि सफाईवाल्या ताई यांना त्यात पहिल्या दिवशीच घ्यावं, रोजचा संबंध त्यांच्याशीच येतो.

फोनमध्ये नंबर ‘एसीवाले भाऊ’ म्हणून साठवला की नाव कायमचं गेलं. ‘मेश्राम, एसी दुरुस्ती, सक्करदरा’ असं लिहावं. एकाच ऑफिसात तीन मेश्राम असणं इथे नेहमीचं, तिथे पहिलं नाव आणि विभाग सोबत हवाच. वानखेडे आणि वानखडे ही दोन वेगळी आडनावं आहेत. ज्याचं आहे त्याला तो फरक कळतो, म्हणून पहिल्यांदा लिहितानाच विचारून घ्यावं.

उन्हाळ्याचं इथलं एक वेगळंच. पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा पार्किंगमध्ये निम्मी माणसं दुपट्ट्यात गुंडाळलेली असतात, नुसते डोळे दिसतात. नाव आवाजाशीही जोडलेलं असेल तर तिथे कामी येतं.

नाव ओठावर येऊन अडकलं तर पहिलं अक्षर शोधून पाहावं. ते बरेचदा आठवतं, हे 1966 च्या प्रयोगापासून माहीत आहे. पण अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त झगडू नये. 2008 मध्ये कॅनडातल्या संशोधकांना आढळलं की शब्दासाठी जितका जास्त वेळ अडकून राहावं, तितकी पुढच्या वेळी त्याच शब्दावर अडकण्याची शक्यता वाढते. चुकीचं आडनाव सारखं आडवं येत असेल तर विषय सोडून द्यावा आणि सरळ विचारावं: ‘आपण ऑडिटच्या वेळी भेटलो होतो, नाव तेवढं सांगा.’ कुठे भेटलो ते आधी सांगितलं की समोरच्याला वाईट वाटत नाही. नाव कळल्यावर ते एकदा मोठ्याने घ्यावं, नाहीतर पुन्हा जाईल.

वयानुसार नावं उशिरा आठवणं सर्वसाधारण आहे. झोप कमी असेल, थायरॉइडचा किंवा बी-12 च्या कमतरतेचा त्रास असेल, तरी विसराळूपणा वाढतो, आणि रक्ततपासणीत या दोन्ही गोष्टी कळतात. घरच्यांची नावं, नेहमीचा रस्ता किंवा दहा मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न विसरायला लागलं तर मात्र वही-उजळणीत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावं. ज्यांना चेहरेच ओळखता येत नाहीत, त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांनी आवाज, चाल आणि चष्म्यावर भर द्यावा.

लग्नसराईत लॉनवर जाण्याआधी पाच मिनिटं व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे फोटो पाहून तिथे भेटू शकतील अशा आठ-दहा जणांची नावं आठवून घ्यावी. आणि कुणालाही ‘ओळखलं का?’ असं विचारू नये. आपलं नाव, कुणाकडचे आणि शेवटचं कुठे भेटलो, एवढं आपणच आधी सांगावं.