पानाकडे बघू नका म्हणे

बुधवार, रात्र

"ताई, पानाकडे बघू नका ना. मजकुराकडे बघा."

एवढंच म्हणाली ती, ऑफिसात मला फ्रेममेकर शिकवणारी. चिडून नाही, उर्मटपणे तर नाहीच. आधी माझ्यासाठी चहा आणला, मग म्हणाली. तरी अंबडहून सिटीलिंकच्या बसमध्ये बसले ते थेट पंचवटीपर्यंत डोक्यात तेच.

पानाकडे बघायचं नाही तर मी करू काय? रविवार कारंजाच्या प्रेसमध्ये सगळी उमेद गेली ती पान बघण्यात. पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर उघडायचं, श्री-लिपीच्या मराठी अक्षरांत मजकूर टाकायचा, मग मान जराशी तिरकी करून बघायचं, कुठं जड झालंय, कुठं पोकळ दिसतंय. पुढच्या पानावर एकच शब्द गेला असला तर मागं कुठंतरी आवळून तो परत ओढायचा. मालक तर प्रूफ उलटं धरून बघायचे. म्हणायचे, वाचायचं नंतर, आधी दिसू दे. प्रेस चालू राहिली असती तर... जाऊ दे.

हे फ्रेममेकर, मोठी मॅन्युअल जुळवायचं सॉफ्टवेअर, हाताला काही करूच देत नाही. शीर्षकावर जागा हवी म्हणून एंटर मारायचा नाही, जागा त्या परिच्छेदाच्या टॅगमध्ये, म्हणजे त्याच्या नाव दिलेल्या साच्यात ठरलेली. तीही साधी नाही. वरच्या परिच्छेदाखालची जागा आणि खालच्याच्या वरची जागा यांची बेरीज होत नाही. दोन्हींतली मोठी असेल तेवढीच धरतात. पानाच्या माथ्यावर शीर्षक आलं तर वरची जागा चक्क सोडूनच देतात. स्पेसबार दोनदा दाबा, दुसरी स्पेस पडत नाही. स्मार्ट स्पेसेस म्हणे. आणि चुकून-माकून एखादा परिच्छेद हातानं जरा आत सरकवला की खालच्या पट्टीत त्याच्या टॅगपुढे स्टार उमटतो. म्हणजे इथं कुणीतरी नियम सोडून वागलंय. मग 'अपडेट ऑल' करताना हातचे बदल काढून टाकायला सांगितलं की आपलं सरकवलेलं गेलं, जिथल्या तिथं.

पेजमेकर १९८५चं, फ्रेममेकर त्याच्या मागोमाग. अडोबीनं १९९४ला पेजमेकरवाली ऑल्डस कंपनी घेतली, १९९५ला फ्रेममेकरवाली फ्रेम टेक्नॉलॉजी. एका वर्षाच्या अंतरानं एकाच घरात आलेल्या जावा, आणि स्वभाव बघा.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, मग सोड. ह्यांना सोडण्यापलीकडे सुचत नाही. वयाचा काही संबंध नसतो असंही म्हणाले. ते न म्हणते तर बरं झालं असतं.

पानाकडे बघू नका. म्हणजे आजवर बघितलं ते काय होतं?

भांडी घासताना कालचं आठवलं. विजेच्या पॅनेलच्या मॅन्युअलमध्ये डिझाइनवाल्यांनी ऐन वेळी अर्थिंगचं मोठं ड्रॉइंग घातलं. तिसरं प्रकरण फुगलं, पुढची सगळी पानं सरकली. मी सवयीनं पेन्सिल काढली. तिनं सगळ्या प्रकरणांचं मिळून असलेलं 'बुक' अपडेट केलं आणि 'पान अमुक पाहा' असं जिथं जिथं होतं तिथले सगळे आकडे बदलले, अनुक्रमणिकेसकट. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत शेवटच्या रात्री दोन पानी जाहिरात यायची तेव्हा मी पहाटेपर्यंत काय करत होते, ते तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

आणि हे मॅन्युअल वाचणार कोण? वायरमन. पॅनेलचं झाकण उघडून उभा, एका हातात टेस्टर. पान किती देखणं झालंय हे तो बघणार आहे थोडंच! सप्लाय बंद करा, ही ओळ झाकण काढा या ओळीच्या आधी यायला हवी आणि इशारा ज्या पायरीचा, तिच्याच पानावर हवा. त्यासाठीच ते 'कीप विथ नेक्स्ट' आहे. इशारा पायरीला सोडून मागच्या पानावर राहतच नाही, मग वर कितीही मजकूर घाला.

म्हणजे पान बघितलंय की कुणीतरी! आधीच बघून, ठरवून, टॅगमध्ये भरून ठेवलंय. मास्टर पेज, म्हणजे सगळ्या पानांचा मूळ साचा, ज्यानं बनवलं त्यानं मान तिरकी केल्याशिवाय बनवलं असेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही.

फक्त त्याची नजर काही खास नाही, एवढं मी म्हणेन. 'डेंजर'च्या लाल चौकटीत अक्षरं कडेला चिकटलीत, श्वास घ्यायला जागा नाही. 'वॉर्निंग'च्या नारिंगी चौकटीत तेच. शीर्षकं तर उगाच एवढी ठळक की खालचा मजकूर दबून गेलाय. उद्या तिला विचारणार, हे त्या टॅगमध्येच कुठं बदलायचं. एका फायलीत नीट बसवलं की पुस्तकाच्या बाकीच्या प्रकरणांत फॉरमॅट इम्पोर्ट करता येतात, असं तीच परवा म्हणाली होती. एवढ्या पानांवरून एका दमात हात फिरवायला प्रेसमध्ये मला कुणी दिलं नसतं.