अंगठा जुळत नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला लोक दिवसभर एकच प्रश्न वेगवेगळ्या सुरांत विचारत असतात, की उपचार मोफत आहेत तर पैसे कशाचे मागता? पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, योजनेत समाविष्ट असलेल्या एका खासगी रुग्णालयात मी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेतल्या रुग्णांची नोंद आणि कागदपत्रे पाहणारी मदतनीस, म्हणून काम करते. मी रुग्णालयाची नोकर नाही आणि सरकारचीही नाही, कंत्राटावर नेमलेली आहे. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक दिसण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे मी, माझा संगणक आणि मागच्या भिंतीवरचा फलक.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले आणि पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवले आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेलाही दार उघडले. तेव्हा मला वाटले होते की आता टेबलावरची हुज्जत कमी होईल. कार्डाच्या रंगावरून होणारी हुज्जत खरोखरच कमी झाली, परंतु कार्ड आपलेच आहे हे सिद्ध करण्यावरून होणारी वाढली.

गेल्या गाळप हंगामातला एक शनिवार त्या दृष्टीने माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. सकाळी टेबल उघडले तेव्हा बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेली एक बाई तिथे आधीच बसून होती, आणि शेजारी टोळीचा मुकादम फोनवर बोलत उभा होता. तिच्या नवऱ्याला गुरुवारी रात्री कोपीत, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीत, जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली होती. मण्यारीच्या दंशाला फारशी सूज येत नाही, वेदनाही फारशी होत नाही, त्यामुळे किडा चावला असेल असे समजून तो पुन्हा झोपला; पहाटे पोटात दुखू लागले आणि पापण्या उघडेनात, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आले. सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या दिल्या, त्याही मोफत, हे सांगितलेच पाहिजे, कारण सरकारी दवाखान्यात काहीच मिळत नाही असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंचे एकदा नुकसान झाले की ते औषधाने लगेच भरून येत नाही, आणि श्वास परत येईपर्यंत माणसाला यंत्रावर ठेवावे लागते. तिथे व्हेंटिलेटरची खाट रिकामी नव्हती. १०८ ची रुग्णवाहिका त्याला शुक्रवारी रात्री आमच्याकडे घेऊन आली.

रात्री माझ्या टेबलावर कोणी नसते. त्यामुळे खिडकीवर त्याची नोंद ‘कॅश पेशंट’ म्हणून झाली आणि पंधरा हजार रुपये अनामत भरून घेण्यात आली. ते पैसे मुकादमाने भरले होते.

‘मॅडम, माणूस महत्त्वाचा,’ मुकादम मला म्हणाला. ‘अजून लागले तरी मी भरतो. पुढच्या सीझनला फिटतील.’ तो मनापासून बोलत होता याबद्दल मला शंका नाही. परंतु बाईने तेवढ्यात मान खाली घातली, आणि तो फोनवर बोलत बाहेर गेल्यावर ती म्हणाली, ‘ताई, आधीचीच उचल फिटंना. डाक्टर म्हणत्यात मशीन किती दिस लागंल सांगता येत न्हाई. ह्ये वहीत चढलं तर पुढचं साल बी ह्याच टोळीत.’ ज्यांना ऊसतोडीचा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, की नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हंगामाआधी त्या कोयत्याला आगाऊ रक्कम मिळते तिला उचल म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत कुटुंब त्या मुकादमाशी बांधलेले असते. रुग्णालयाच्या पावतीचा आकडा त्यांच्यासाठी केवळ पैशांचा नव्हता.

व्हेंटिलेटर लागणारा सर्पदंश योजनेत बसतो. प्रश्न कागदांचा होता. शिधापत्रिका गावी सासूकडे होती, कारण मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे आणि लेकरांचे धान्य तिच्यावरच मिळते. शेजारच्या मुलाने तिचे फोटो काढून पाठवले, तेव्हा दिसले की आधारावर रुग्णाचे शाळेतले नाव आहे आणि शिधापत्रिकेवर घरात ज्या नावाने हाक मारतात ते. आता राहिला आयुष्मान कार्ड काढण्याचा मार्ग. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीच बंद पडलेला होता, म्हणजे ओटीपी येणार नव्हता.

मी अंगठ्याचे यंत्र घेऊन अतिदक्षता विभागात गेले. नर्सने त्याचा हात चादरीबाहेर काढून धरला. कोयत्याच्या मुठीने आणि उसाच्या पाचटाने त्या बोटांवरची कातडी अशी झाली होती, की रेषा म्हणून काही शिल्लकच नव्हते. ओल्या कापडाने पुसून, कोरडे करून, एकामागून एक बोटे लावून पाहिली. प्रत्येक वेळी पडद्यावर तोच लाल संदेश आला. चेहऱ्यावरून ओळख पटवायची तर तोंडात नळी होती आणि गालांवर चिकटपट्ट्या होत्या. डोळ्यांवरून ओळख घेणारे यंत्र आमच्याकडे नाही, आणि असते तरी पापण्या मिटलेल्याच होत्या. समोर पडलेला माणूस कोण आहे हे त्याची बायको, मुकादम आणि मोबाइलवरची सासू सांगत होती, आणि ते पुरेसे नव्हते. फसवणूक टाळण्यासाठी असली पडताळणी लागते हे मी रोज लोकांना समजावून सांगते आणि ते मला पटतेही. मात्र तिचा सगळा भार हंगामासाठी घर सोडून जाणाऱ्यांवर आणि हाताने काम करणाऱ्यांवर पडतो, हे ती आखणाऱ्यांनी एकदा अतिदक्षता विभागात उभे राहून पाहायला हवे.

तातडीच्या रुग्णासाठी इमर्जन्सी इंटिमेशनची सोय आहे. आधी फोनवरून कळवायचे, उपचार चालू ठेवायचे आणि कागद बहात्तर तासांत द्यायचे. आमचे योजनेचे डॉक्टर त्याला लगेच तयार होईनात. ‘कागद आले नाहीत आणि मंजुरी नाकारली गेली, तर व्हेंटिलेटरचे बिल कोणाच्या नावावर टाकू?’ असे त्यांनी मला विचारले. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही, कारण मंजूर झालेल्या दाव्यांचे पैसेही वेळेवर येत नाहीत ही बहुतेक रुग्णालयांची तक्रार आहे. मी जिल्हा समन्वयकांना फोन लावून तो त्यांच्या हातात दिला. दुपारपर्यंत नोंद झाली आणि पुढची अनामत मागणे थांबले.

शनिवार-रविवारी तहसील बंद असते; पाच दिवसांच्या आठवड्यानंतर हे आमच्या कामात फार जाणवते. सोमवारी सासरा पहिल्या एसटीने तालुक्याला गेला, पुरवठा शाखेसमोर बसून राहिला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला घेऊन त्याचा फोटो त्याने संध्याकाळी पाठवला. सोबत डॉक्टरांचे पत्र आणि रुग्णाचा खाटेवरचा फोटो जोडला, तेव्हा मंजुरी आली. आठवडा संपण्याच्या आत त्याची नळी निघाली. मण्यारीच्या विषातून माणूस वाचला की बहुधा पूर्ण बरा होतो, तसाच तोही झाला.

अनामत परत मिळवायला मला लेखी अर्ज करावा लागला. पावती मुकादमाच्या नावावर असल्याने पैसेही त्यालाच मिळाले. मी त्याला तिथेच थांबवले आणि वहीत वजावट लिहायला सांगितली. काही कुरकुर न करता त्याने लिहिले. बाईला वाचता येत नव्हते, म्हणून तिने वही माझ्याकडे सरकवली. पंधरा हजार वजा झाले होते. त्याखाली, दोघेही फडावर नव्हती तेवढ्या दिवसांचा खाडा, म्हणजे बुडालेल्या कामाचे पैसे, त्यांच्या नावावर लावलेला होता. तेही वाचून दाखव, असे ती म्हणाली, आणि मी वाचले. ‘ते तर लागतंच, ताई,’ असे म्हणून तिने वही परत केली आणि औषधांच्या वेळा विचारायला नर्सकडे गेली.