मास्कापाइचाचा लाल, प्रयत्न सातवा

जमला! सहा वेळा जांभळा आणि सातव्यांदा लाल.

मागच्या वेळी माझ्या बाहुलीचा, म्हणजे पेरूतल्या कुस्को शहराच्या इंका सरदाराचा, उंकू (बिनबाह्यांचा अंगरखा) शिवून झाला होता आणि आता फक्त कपाळावरची लाल झालर, मास्कापाइचा, उरली, असं मी फुशारकीनं लिहिलं होतं. त्या 'फक्त'नं दीड महिना खाल्ला. ही झालर म्हणजे इंकाच्या, स्पॅनिशांआधीच्या तिथल्या राजाच्या, राजेपणाची खूण. राज्य स्पॅनिशांनी घेतलं, तरी कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या मिरवणुकीत इंका वंशातले सरदार ती मिरवत. कुस्कोच्या सांता आना चर्चच्या, याच मिरवणुकीच्या चित्रमालेत बघा: लेसच्या बाह्या स्पॅनिश, त्यावर उंकू इंकांचा, खांद्यांवर आणि गुडघ्यांवर प्राण्यांचे मुखवटे. एवढ्या थाटात झालर फिकी पडली तर बाहुली बादच.

कोचिनील (तिकडचा किड्यांपासूनचा लाल रंग) परवडत नाही, म्हणून लाख घेतली. शेवटी दोन्ही रंग किड्यांचेच. पहिली खेप ऑनलाइन मागवली, तर 'कच्ची लाख' म्हणून चपडा आला; रंग आधीच धुऊन काढलेला! लाख काडीसकटच घ्या, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. कुटून कोमट पाण्यात भिजवली (उकळू नका, राळ वितळून लोकरीला चिकटते), लोकरीला तुरटी दिली, तरी रंग जांभळाच. कढई लोखंडाची म्हणून बदलली, स्टीलचं पातेलं घेतलं. थोडा उजळला, पण जांभळाच. तुरटी वाढवली, लोकर बदलली, चिडून दोन दिवस हात लावला नाही. मग चहाच्या भांड्यातला पांढरा थर खरवडताना डोक्यात उजेड पडला: आमचं पाणी बोअरचं, क्षारांचं! त्यानंच लाल जांभळा होत होता. फिल्टरचं पाणी आणि चिमूटभर चिंचेचा कोळ घातला, आणि अर्ध्या तासात असा लाल आला की मी पातेलं शेजाऱ्यांना दाखवून आलो.

झालरीच्या सोन्याच्या नळ्यांसाठी जरदोजीचा दबका (तारेची बारीक पोकळ गुंडाळी) तीन-तीन मिलिमीटर कापला आणि एकेका नळीतून लोकरीचा एकेक पदर ओवला. सव्वीस झाले. त्या नळ्या उजेडात धरल्या की काय दिसतात!

लिहिता लिहिता बेत बदलतोय. इंका वंशातल्या तुपाक आमारू दुसऱ्याच्या स्पॅनिशांविरुद्धच्या बंडानंतर, १७८१ मध्ये, आरेचे या स्पॅनिश अधिकाऱ्यानं हाच पोशाख बंद केला. तेव्हा बैठकीवर एकटा सरदार नको; शेजारी त्याच घराण्यातला चार पिढ्यांनंतरचा माणूस, साध्या स्पॅनिश कोटात, कपाळ मोकळं. कोट शिवायला सोपा म्हणून नव्हे. बरं, थोडं म्हणूनही.

त्याआधी डाव्या गुडघ्यावरचा पूमा उसवायचाय. सध्या तो आमच्या गल्लीतल्या बोक्यासारखा दिसतोय.