गोष्ट कुणासमोर सांगितली जाते

फोंडा. श्रावणातला सोमवार, रात्र.

बारावीच्या वर्गाला सध्या कथेची अंगं शिकवते आहे. निवेदन, संघर्ष, प्रतीक, विरोध, पुनरुक्ती. मुलं व्याख्या चोख लिहितात. 'या तंत्रामुळे कथा परिणामकारक होते' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत सापडतं. परिणाम कोणता आणि कुणावर, हे मात्र कुणी लिहीत नाही. आज दिवसभर हेच डोक्यात होतं, आणि संध्याकाळी कहाणी ऐकताना त्यातलं काही उलगडल्यासारखं वाटलं.

आमच्या घरात बोलणं सगळं कोकणीतून, पण श्रावणातली कहाणी मराठीतच वाचायची. पूजा झाली, आम्ही बायका हातात अक्षता घेऊन बसलो आणि वयनीने पोथी उघडली. आई म्हणाली, "वाच गो बेगीन, भूक लागल्या." सगळ्यांचाच उपास होता.

सोमवारची, खुलभर दुधाची कहाणी. आटपाट नगरातल्या राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. घरोघरचं सगळं दूध देवळात आणा, अशी त्याची आज्ञा. सगळ्या नगराचं दूध ओतलं जातं, तरी गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. घरातलं काम आटोपते, मुलाबाळांना खाऊ घालते, लेकीसुनांचं बघते, गाईवासरांना तृप्त करते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन देवळात जाते. तेवढ्यानेच गाभारा भरतो.

लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट आज मी तिची बांधणी बघत ऐकली. राजाची आज्ञा, दवंडी, नगराची धावपळ हे सगळं चार शब्दांत उरकतं. म्हातारीपाशी आल्यावर मात्र चाल मंदावते. तिची कामं एकेक करून सांगितली जातात. साठा उत्तरांचं पाचा उत्तरी आणणारी ही कहाणी, शब्दांच्या बाबतीत इतकी काटकसरी. तरीही वासराला दूध पाजणं तिने गाळलं नाही. कथेत वेळ कुणावर खर्च केला जातो, त्यावरून कथेला कोण महत्त्वाचं वाटतं ते कळतं. राजाची ही गोष्टच नव्हे, हे कहाणी आपल्या चालीनेच सांगून जाते.

पुढे राजा सोमवारमागून सोमवार शोध घेतो. आधी पहारेकरी बसवतो, मग स्वतः येऊन बसतो. पुनरुक्ती शिकवताना 'ठसवण्यासाठी' एवढंच आम्ही सांगतो. इथे ती राजाच्या मनातली पायरी आहे. पहिल्या वेळचं नवल, दुसऱ्या वेळची शंका, आणि शेवटी सिंहासन सोडून देवळाच्या कोपऱ्यात येऊन बसणं. तो खाली बसतो तेव्हाच म्हातारीला विचारू शकतो.

पण मला आज सगळ्यात जास्त भिडलं ते ऐकणाऱ्यांचं. आई पहाटेपासून उठलेली. नातवंडांचे डबे, बाबांची औषधं, गोठ्यातलं, मग पूजेची तयारी, आणि हे सगळं उपाशीपोटी. वयनीचंही तसंच. म्हातारीच्या कामांची यादी वाचली जात होती तेव्हा त्या दोघी आपलाच दिवस ऐकत होत्या. कहाणीत म्हातारीला नाव नाही, गावही आटपाट, कारण ती जागा ऐकणारणीसाठी मोकळी ठेवलेली आहे. रांधून, वाढून, सगळ्यांना निजवून आलेल्या बाईला ही कहाणी सांगते की तुझी पूजा सकाळीच सुरू झाली होती. हीच कहाणी मी वर्गात प्रश्नोत्तरांसाठी दिली, तर 'श्रद्धेने केलेले थोडे दानही श्रेष्ठ' असं तात्पर्य येईल. चूक नाही ते. पण माझ्या आईच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते त्या वाक्यात कुठेच नाही.

म्हणजे कथा कुणासमोर सांगितली जाते, हाही तिच्या रचनेचा भाग. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात मोठं उदाहरण महाभारतच आहे, आणि नागपंचमीच्या आसपास ते आठवल्यावाचून राहत नाही.

कथेत कथा, हे तंत्र महाभारतात आहे असं सांगून आम्ही मोकळे होतो. नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना सांगतो, त्याआधी वैशंपायनाने ते जनमेजयाला सांगितलेलं असतं. पण वैशंपायन सांगत असतो तेव्हा समोर काय चाललेलं असतं? सर्पसत्र. तक्षकाच्या दंशाने बाप गेला म्हणून जनमेजय नागांचं अख्खं कुळ अग्नीत ओढतो आहे आणि कर्मांच्या मधल्या वेळात आपल्या पूर्वजांची कथा ऐकतो आहे. त्या कथेत आदिपर्वाच्या शेवटी खांडववन जळतं. जाळणारा अर्जुन, जनमेजयाचा पणजोबा. त्या आगीतून मुलाला वाचवताना तक्षकाची बायको अर्जुनाच्या बाणाने मरते, मुलगा अश्वसेन कसाबसा निसटतो. नागांना आगीत टाकणाऱ्या राजाला त्याच आगीशेजारी बसवून सांगितलं जातं की हे तुमच्या घरानेच सुरू केलं होतं. इकडे जनमेजयाच्या बापाला, परीक्षिताला शाप मिळतो तोही त्याने शमीक ऋषीच्या गळ्यात मेलेला साप टाकला म्हणून. सुडाचा एकेक दुवा मागे मागे जातो आणि पहिला अपराध कुणाचा ते सापडेनासं होतं.

वैशंपायन राजाला 'थांब' म्हणत नाही. फक्त सांगत राहतो. सत्र थांबतं ते आस्तिकामुळे, आणि त्याचा बाप ऋषी, आई नागकन्या. दोन्हीकडचं रक्त अंगात असलेला मुलगाच मधे उभा राहू शकतो. हा व्यासांचा विचार आहे, पण तो त्यांनी एका मुलाच्या जन्मात ठेवला. आमची आजी परसात साप दिसला की हात जोडून 'आस्तिक, आस्तिक' म्हणायची. गोष्टीचा अर्थ तिने मला कधी समजावला नाही. पण काठी मात्र कुणाला उचलू द्यायची नाही.

जात्रेतल्या नाटकांतही हे पाहिलं आहे. आमच्याकडे देवळासमोर गावचीच माणसं रात्रभर संगीत नाटक करतात. 'एकच प्याला' ला तळीरामाच्या आर्यमदिरा मंडळावर सगळा मांडव हसतो. आपल्या पुरुषांपैकी बरेच जण तर आधी कुठेतरी बसूनच आलेले असतात. गडकऱ्यांनी १९१९ सालच्या त्या नाटकात विनोद असा पेरला आहे की बघणारा हसता हसता त्या मंडळाचा सभासद होऊन बसतो. मग पाचव्या अंकात नवऱ्याच्या दारूपायी उद्ध्वस्त झालेली सिंधू समोर येते, आणि मघाचं हसणं प्रत्येकाला आठवतं. व्यसनावरचं भाषण हे करू शकत नाही. भाषण ऐकणारा बाहेर उभा असतो.

उद्या पहिलाच तास बारावीचा आहे. फळ्यावर व्याख्या लिहिणार नाही. खुलभर दुधाची कहाणी वाचून दाखवीन आणि दोनच गोष्टी करायला सांगेन. एक, ही कहाणी घरात कोण ऐकतं आणि ऐकायच्या आधी तिने दिवसभर काय काय केलेलं असतं ते घरी विचारून या. दुसरी, हीच कहाणी राजाच्या दरबारात राजासमोर सांगायची असती, तर म्हातारीची कामं किती ओळींत सांगितली असती, ते लिहून आणा. मुलगे काय लिहितात ते मला जास्त बघायचं आहे, कारण अक्षता हातात घेऊन त्यांना सहसा कुणी बसवत नाही.

वह्या गोळा करायच्या गुरुवारी. शुक्रवारी घटक चाचणी आहे, ती पुढे ढकलता येते का ते उद्या सकाळी विचारायला हवं.